बातमी ई-रीडरवर कशी मावते?

वेबसाइटवरच्या बातमीभोवती मेनू, जाहिराती, 'हेही वाचा'च्या चौकटी असतात. ई-रीडरच्या करड्या, संथ पडद्यावर हा पसारा नकोसा होतो. कोविद गोयल यांनी २००६ साली सुरू केलेले 'कॅलिबर' हे मोफत सॉफ्टवेअर मेथी निवडावी तशी बातमी निवडते. प्रत्येक वृत्तपत्रासाठी पायथन भाषेतली छोटी 'रेसिपी' असते. ती ताज्या बातम्यांची यादी मिळवते, मग प्रत्येक पानातले शीर्षक आणि मजकूर ठेवून बाकीचे छाटते. चित्रे पडद्याच्या मापात बसवून, अनुक्रमणिका जोडून सगळ्याची एक ईपब फाइल बनते. ही फाइल म्हणजे खरे तर वेबपानांची झिप. म्हणूनच अक्षरे मोठी केली, की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात. खरी डोकेदुखी वेगळीच. वृत्तपत्राने वेबसाइटची रचना बदलली, की रेसिपी निकामी होते आणि कुणाला तरी ती दुरुस्त करत बसावे लागते.