प्रशिक्षण विमानांतील ‘हार्ड लँडिंग’ : कारणमीमांसा

प्रस्तावना :
भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी उमेदवारास किमान २०० तासांचे उड्डाण पूर्ण करावे लागते. मात्र त्याचा खरा कस लागतो तो धावपट्टीवरील अखेरच्या वीस फुटांत. येथे विमानाचे नाक हळूहळू वर उचलून खाली येण्याचा वेग कमी केला जातो. या क्रियेस ‘फ्लेअर’ म्हणतात. ती चार-पाच सेकंदांत संपते. साठ वेळा विमान उतरविणाऱ्या विद्यार्थ्यास या कौशल्याचा प्रत्यक्ष सराव जेमतेम चार-पाच मिनिटे मिळतो. कोणत्याही विषयाच्या अध्यापकास हे गणित अस्वस्थ करणारे वाटेल.

आघाताचे स्वरूप :
अमेरिकी नियमावलीच्या भाग २३ मध्ये, २०१७ च्या फेररचनेपूर्वी, छोट्या विमानाची रचना सेकंदाला ७ ते १० फूट या खाली येण्याच्या वेगाचा आघात सोसेल अशी असावी, असे बंधन होते. सेसना १७२ सारखे विमान ६५ नॉट वेगाने तीन अंशांच्या उतारावरून येत असता सेकंदाला सुमारे पावणेसहा फूट खाली येते. म्हणजे फ्लेअर अजिबात केला नाही तरी विमान मोडू नये! तरीही ते मोडते. याचे एक कारण उंचीचा चुकलेला अंदाज होय. फ्लेअर फार वर झाल्यास वेग घटतो व पंखांचे उत्थापक बल अपुरे पडते. ते निम्मे उरले तरी तीन फुटांवरून खाली येणारे विमान सेकंदाला जवळजवळ दहा फूट वेगाने आदळते. सवयीपेक्षा रुंद धावपट्टीवर आपण आहोत त्यापेक्षा खाली आहोत असा भास होतो आणि ही चूक हमखास घडते.

दुसरे कारण अधिक घातक आहे. मुख्य चाके भक्कम असतात. नाकाखालचे चाक तुलनेने नाजूक असून ते गुरुत्वमध्याच्या पुढे असते. ते आधी टेकले की नाक वर फेकले जाते, पंखांचा आपातकोन वाढतो आणि विमान पुन्हा उसळते. घाबरलेला विद्यार्थी दांडा पुढे ढकलतो. पण प्रतिक्रियेस विलंब झाल्याने नाक खाली जात असतानाच त्यात भर पडते. दुसरी उसळी पहिल्यापेक्षा मोठी होते. पुढील चाक मोडणे, पंख्याची पाती जमिनीस घासणे व इंजिनामागील भिंत चुरगळणे हे पुढचे टप्पे. (१९५८ साली प्रथम उडालेल्या ‘पुष्पक’ या भारतीय विमानास शेपटाखाली चाक होते; त्याची उसळी वेगळ्या कारणाने होई.) यावर उपाय एकच : पूर्ण शक्ती देऊन, नाक स्थिर ठेवून पुन्हा वर जाणे.

विदर्भातील उन्हाळा यात भर घालतो. समुद्रसपाटीपासून ३०० मीटर उंचीच्या धावपट्टीवर, ४५ अंश तापमानात, वेगमापक तोच आकडा दाखवीत असला तरी विमानाचा खरा वेग सुमारे सात टक्के अधिक असतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती चौदा टक्क्यांहून अधिक वाढते.

प्रशिक्षकाचा पेच :
प्रशिक्षकाने नियंत्रण लवकर हाती घेतले तर विद्यार्थी शिकत नाही; उशीर केला तर विमान वाचत नाही. हा निर्णय सेकंदभरात घ्यावयाचा असतो. एकट्याने उड्डाण करणाऱ्या विद्यार्थ्याजवळ तर कोणीच नसते. त्यातून आणखी एक प्रश्न उद्भवतो. कठोर आघातानंतर इंजिनाचे बैठक-सांधे, पुढील चाकाची दांडी व इंजिनामागील भिंतीचा पत्रा तपासणे आवश्यक असते. पाती जमिनीस लागली असल्यास क्रँकशाफ्टही. परंतु पत्र्यावरील सुरकुती सहज दिसत नाही आणि शिक्षेच्या वा दंडाच्या भीतीने विद्यार्थी गप्प बसू शकतो. जेथे चूक सांगणाऱ्यास आधी फटकारले जाते, तेथे तपासणी होत नाही आणि तेच विमान दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या विद्यार्थ्यास दिले जाते.