मागे सरणारी पावले

3 फेब्रुवारी 2022 रोजी पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात महिलांच्या आशियाई चषक फुटबॉल स्पर्धेचा उपांत्य सामना झाला. चीनशी 2-2 अशी बरोबरी झाल्यावर जपान पेनल्टींमध्ये 4-3 ने हरला. माझा दवाखाना पेणला. त्या सुमारास रोह्याच्या एका घरी मी तपासणीस जात असे. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेल्या 74 वर्षांच्या आजी खाटेवर होत्या आणि नात उशाशी बसून मोबाइलवर त्या सामन्याची क्षणचित्रे पाहत होती. जपानच्या बचावपटूंकडे बोट दाखवून आजींनी विचारले, "डॉक्टर, या पोरी पुढं धावायचं सोडून मागं मागं का जातात?"

त्या संघाची कर्णधार होती साकी कुमागाई. जन्म 1990 चा, साप्पोरोचा. शालेय शिक्षण सेंदाईला. मार्च 2011 मध्ये त्याच परिसराला भूकंप आणि त्सुनामीने झोडपले आणि चारच महिन्यांनी फ्रँकफर्टच्या मैदानावर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्धची निर्णायक पेनल्टी या वीस वर्षांच्या मुलीने मारली. पुढे ती लिओंला आठ वर्षे खेळली. 2016 ते 2020 अशी सलग पाच वर्षे त्या संघाने चॅम्पियन्स लीग जिंकली. 2020 च्या अंतिम सामन्यात तर या बचावपटूने स्वतः गोल केला. 2019 मध्ये ती आशियातील सर्वोत्तम महिला खेळाडू ठरली आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, तेहतिसाव्या वर्षी, जपानची कर्णधार होती.

बचावपटूचे निम्मे कसब उभे राहण्याच्या जागेत असते. चेंडूवरची नजर न काढता मागे सरणे, एका पायावर भार घेऊन झटकन वळणे, तोल जाण्याआधी पाऊल टाकणे. वय वाढते तसा वेग उणावतो; हे कसब सरावाने टिकते. आणि वृद्ध माणसे पडतात ती बहुधा याच क्षणी: वळताना, कपाटाचे दार उघडत मागे सरताना, रात्री अंथरुणातून घाईने उठताना.

आजी रात्री न्हाणीकडे जाताना पडल्या होत्या. अकरा वर्षे मी त्यांचा रक्तदाब मोजत होतो, पण नेहमी बसवून. एकदाही उभे करून मोजला नाही, चालून दाखवा, वळून दाखवा असे म्हटले नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे उठताच काहींचा दाब उतरतो, हे मला ठाऊक असूनही. ही चूक माझी.

म्हणून तुम्हीच आपल्या डॉक्टरांकडे उभे राहून रक्तदाब मोजण्याचा आग्रह धरा. रात्री उठताना खाटेच्या कडेला दोन मिनिटे बसा, मगच पाय टाका. स्वयंपाकघराच्या ओट्याला दोन्ही हात धरून एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभे राहा. मग पाय बदला. भक्कम खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठण्याचा प्रयत्न करा. जवळ कोणी असतानाच ओटा धरून चार पावले मागे जा. हे रोज, काही महिने. वर्षात दोनदा पडला असाल किंवा चक्कर येत असेल, तर आधी तपासणी. आपल्या कोकणात पावसाळ्यात अंगणाला धरणारे शेवाळ घासून काढणे हेही औषधच समजा. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहत बसू नका.

शुश्रूषा करणाऱ्यांनो, तुमचे काम बचावपटूचेच. गोल झाला नाही, याची टाळी कोणी वाजवत नाही. पण तुमचीही पाठ आणि झोप सांभाळायला हवी. उचलताना कंबरेत वाकू नका, गुडघे मोडा; आठवड्यातील दोन रात्री दुसऱ्या कोणावर सोपवा.

आजी आता ओटा धरून मागे चालतात. नात आकडे मोजते. सून मात्र अजूनही रात्री दोनदा उठते. घरातल्या मुलग्याला मी पुढच्या खेपेस दवाखान्यात बोलावले आहे.