बंद यंत्रांची आठवण

25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी लागली आणि तारापूर एमआयडीसीतल्या वर्कशॉपांमधली सीएनसी यंत्रं होती तिथे थांबली. मासवण, मनोर, पालघरहून बोईसरला कामाला जाणारे घरी बसले. सगळ्यांना घोर होता गंजाचा. समुद्र जवळ, पुढे पावसाळा. स्लाइडला तेल लावून, पॅनेलमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवून लोखंड जपता येतं. यंत्राच्या मेमरीचं मात्र तसं नाही.

1952मध्ये एमआयटीने दाखवलेलं पहिलं संख्या-नियंत्रित मिलिंग यंत्र भोकं पाडलेल्या टेपवर चालायचं. टेप कपाटात वर्षानुवर्षं राहिली तरी बिघडत नसे. 1979च्या सुमारास आलेल्या फानुक 6 या कंट्रोलमध्ये बबल मेमरी होती, तिलाही बॅटरी लागत नव्हती. पुढे बॅटरीवर टिकणारी मेमरी रूढ झाली. पॅरामीटर, ऑफसेट, पिच एररची दुरुस्ती, सगळं तिच्यात. मेन स्विच बंद झाला की तिला आधार उरतो तो बॅटरीचा, पुष्कळदा 3 व्होल्टच्या लिथियम बॅटरीचा. अनेक यंत्रांत ॲब्सोल्यूट एन्कोडरसाठी चार सेलचा 6 व्होल्टचा वेगळा डबाही असतो. यंत्र चालू असताना या बॅटऱ्यांवर भार नसतो, त्या झिजतात यंत्र बंद असताना. आणि इशारा देणारा स्क्रीन तेव्हा काळाच असतो.

एन्कोडरची बॅटरी संपली तर अनेक फानुक कंट्रोलवर 300 नंबरचा अलार्म येतो. शून्यस्थान पुन्हा बसवावं लागतं. कटकट आहे, पण निभतं. पॅरामीटर पुसले गेले तर खरं नुकसान. कारखान्याने दिलेली मूळ यादी पुष्कळदा पॅनेलच्या दारात सापडते. ती भरली की यंत्र चालतंही. पण बॉलस्क्रू वर्षानुवर्षं झिजलेला असतो, कुणा जाणत्या माणसाने डायल लावून बॅकलॅशचे आकडे बदललेले असतात, आणि ते आकडे फक्त त्या मेमरीत असतात. मूळ यादीवर चालणारं यंत्र मग मापात बसत नाही. माझ्या मते टाळेबंदीने जर काही शिकवलं असेल, तर या आकड्यांची किंमत.

2021च्या एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध आले, तेव्हा मेमरी जपायचे नियम आठवले. बॅटरी वर्षातून एकदा, कंट्रोल चालू ठेवूनच बदलायची. पॅनेलवर तारीख लिहायची. शक्य तिथे आठवड्यातून काही तास वीज द्यायची. प्रत्येक यंत्राच्या नावाने बॅकअप काढून एक प्रत दुसऱ्या जागी ठेवायची. नियम तेच जुने होते, त्यांचं मोल नव्याने कळलं. जुन्या कंट्रोलचा बॅकअप आरएस-232 केबलने निघतो आणि नव्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं, म्हणून काही जण एक जुना संगणकही चालता ठेवतात.