टॉम आणि मॅगी : एका इंग्रजी कादंबरींतील भावंडें

भाऊबहिणींचें नातें रंगवितांना कादंबरीकार बहुधा सोपी वाट धरतात. भाऊ एक तर पाठीराखा असतो, नाहीं तर वैरी. मनुष्य लहानाचा मोठा होत असतां त्याच्या स्वभावाला आंतून वळण लावणारें भावंड पुस्तकांत क्वचितच भेटतें. जॉर्ज एलियट या टोपणनांवानें लिहिणाऱ्या इंग्रज लेखिकेच्या 'दि मिल ऑन दि फ्लॉस' या १८६० सालच्या कादंबरींत तें भेटतें, आणि म्हणूनच हें पुस्तक घरांतील वडील मंडळींनीं व वाढत्या मुलामुलींनीं मिळून वाचावें असें आम्हांस वाटतें.

फ्लॉस नदीकांठच्या पाणचक्कीचा मालक टलिव्हर, त्याचीं हीं दोन मुलें. आरंभीं मॅगी नऊ वर्षांची आहे, टॉम तेरा वर्षांचा. टॉम शाळेहून येतो तो बहिणीसाठीं मासे धरण्याची दोरी घेऊन. तिच्यासाठीं त्यानें खाऊचे पैसे राखले, त्यापायीं मुलांशीं मारामारीहि केली. पण आपले ससे मॅगीच्या विसराळूपणामुळें उपाशी मेले असें कळतांच, तुझ्यावर माझें प्रेम नाहीं, असें तो तिला सांगून टाकतो.

दुसरा प्रसंग याहून बारीक, पण अधिक बोलका. मुरंबा भरलेल्या पफाचे टॉम दोन भाग करतो. ते सारखे होत नाहींत. मॅगीनें डोळे मिटून उजवा कीं डावा हात तें सांगावयाचें. चांगला भाग तिला येतो. ती तो भावाला देऊं करते, तो घेत नाहीं. ती खाऊन टाकते, आणि मग तो तिला अधाशी ठरवितो! टॉमच्या न्यायांत लबाडी मुळींच नाहीं. नियम त्यानें केला आणि पाळलाहि. पण नियमापलीकडे काय करावयास हवें होतें हें बहिणीनें आपण ओळखावें, न ओळखल्यास दोष पत्करावा.

पुढें लॅटिन शिकावयास टॉमला पाठवितात. बुद्धि मात्र मॅगीची. आमच्या वाचकभगिनींस याविषयीं अधिक सांगणें नलगे.

तथापि टॉमला केवळ कठोर म्हणून सोडून देणें हा त्याच्यावर अन्याय होईल. टलिव्हरनें बहिणीच्या यजमानांस तीनशें पौंड उसने दिले होते. ते मागावयास तो घोड्यावरून जातो, मागतोहि. पण परततांना त्याच्या मनांत येतें कीं, आज आपण बहिणीशीं निष्ठुर झालों तर उद्यां टॉमहि मॅगीशीं तसाच वागेल. तो मागें वळून तगादा सोडतो. बापाचें दिवाळें निघतें तेव्हां सोळा वर्षांचा टॉम, घरांत पैची चणचण असतां, आत्याचा तो कर्जरोखा बापाच्या इच्छेप्रमाणें नष्ट झालाच पाहिजे असें म्हणतो. पुढें कष्ट करून तो बापाचें सारें ऋण फेडतो. मॅगीला सांभाळ, हेंहि बाप मरतांना त्याला सांगून जातो. कर्जरोखा एकदां फाडला कीं काम संपतें. बहिणीला सांभाळणें असें एकदां करून संपत नाहीं. तेथें टॉम उणा पडतो.

मॅगीची गोष्ट उलट आहे. बापाच्या वैऱ्याच्या मुलाशीं, फिलिपशीं, तिचा स्नेह जडतो; टॉम बायबलावर हात ठेववून तिच्याकडून शपथ घेतो. पुढें मामेबहीण म्हणावी तशा मावसबहिणीच्या, लूसीच्या, नियोजित वराबरोबर ती नावेंतून वाहत जाते, पण त्याच्याशीं विवाह करण्यास नकार देऊन परतते, ती सरळ टॉमच्या दारीं. गांवाच्या निंदेचें भय तिला आहेच; परंतु शिक्षा घ्यावयाची तीहि भावाच्याच हातून, अशी तिची ओढ आहे. टॉम तिला घरांत घेत नाहीं. आई तिच्यासंगें निघते.

शेवटीं महापूर येतो. मॅगी एकटी नाव वल्हवीत टॉमला सोडवावयास जाते, आणि दोघें एकमेकांच्या मिठींत बुडतात. हा शेवट ओढूनताणून आणला आहे असें टीकाकार म्हणतात. पहिल्या वाचनीं आमचेंहि मत तेंच होतें. पुढें लेखिकेचें चरित्र वाचनांत आलें. मेरी अ‍ॅन इव्हान्स हें तिचें खरें नांव. तीन वर्षांनीं वडील असा तिचा भाऊ आयझॅक हाच टॉमचा मूळ नमुना मानतात. १८५४ पासून ती जॉर्ज हेन्री ल्यूइस या लेखकाबरोबर राहूं लागली. त्याची पहिली पत्नी हयात होती व घटस्फोट मिळणें शक्य नव्हतें. १८५७ मध्यें तिनें हें भावाला कळविलें; त्यानें वकिलाकरवीं उत्तर पाठवून संबंध तोडला. त्यानंतर तीन वर्षांनीं ही कादंबरी आली. टॉमला तिनें खलपुरुष केलें नाहीं, याचें आम्हांस आतां अधिकच नवल वाटतें. आणि पूर कृत्रिम असला तरी त्यांतील मिठी तशी वाटत नाहीं.

ल्यूइस १८७८ मध्यें वारला. १८८० च्या मे महिन्यांत तिनें जॉन क्रॉस यांच्याशीं रीतसर विवाह केला, तेव्हां तेवीस वर्षांनीं आयझॅकचें अभिनंदनाचें पत्र आलें. नियम आतां पाळला गेला होता. त्याच वर्षीं डिसेंबरांत ती वारली. अंत्यविधीस आयझॅक हजर होता.