न कुजणारा उकिरडा

आपला उकिरडा वर्षभरात कुजून खत होतो. अणुभट्टीतल्या जळक्या इंधनाचे तसे नाही. त्यातून घातक किरण निघतच राहतात; त्यातले प्लुटोनियम निम्मे व्हायलाच सुमारे २४ हजार वर्षे लागतात. ते पुरायचे कुणाच्या शिवारात?

बेल्जियममध्ये मोल गावी यावर ‘मिर्रा’ नावाची भट्टी उभारायची आहे. सरकारने २०१८ साली त्यासाठी ५५ कोटी ८० लाख युरो मंजूर केले. तिथे त्वरक नावाचे यंत्र प्रोटॉनचे कण प्रचंड वेगाने वितळलेल्या शिसे-बिस्मथवर आदळवील. त्यातून न्यूट्रॉन उडतील आणि प्लुटोनियमसारखे जड अणू फोडतील. यंत्र थांबले की भट्टीही विझते, ही मोठी सोय! फुटलेले बहुतेक तुकडे सुमारे ३०० वर्षांत निवतात. पुरावे तरीही लागेलच. पण राखण दहा-बारा पिढ्यांची.