तेल केव्हा संपणार?

‘जगातील खनिज तेल पन्नास वर्षांत संपणार आहे,’ असे एका विद्यार्थ्याने यंदा निबंधात लिहिले. वाचताना हसू आले व थोडी लाजही वाटली. कारण शाळेत असताना मीही हेच वाक्य लिहिले होते आणि त्यास पूर्ण गुण मिळाले होते. माझ्या वाक्यात वर्षे मात्र चाळीस होती. १९८० साली लिहिणाऱ्याने तीस लिहिली असती. वर्षे उलटत जावीत आणि अंत मात्र अधिकाधिक दूर सरकावा, हे कसे?

आज बी. पी. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्रिटिश तेल कंपनीने १९५२ पासून जगाच्या ऊर्जेचा वार्षिक सांख्यिकी आढावा काढण्यास आरंभ केला. २०२३ पासून ते काम लंडनची एनर्जी इन्स्टिट्यूट करते. कोणत्या देशाने किती तेल, वायू व कोळसा काढला, किती जाळला, भाव काय होता, हे त्याच्या कोष्टकांत असते. २०२० च्या अखेरीस तेलाचा सिद्ध साठा सुमारे १,७३२ अब्ज पिंपे होता (एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर). त्यास त्या वर्षीच्या उत्पादनाने भागले असता सुमारे साडेत्रेपन्न वर्षे येतात.

कणगीतील तांदळास रोजच्या शिध्याने भागावे, तसाच हा भागाकार. परंतु या कणगीचा तळ कोणी पाहिलेला नाही. ‘सिद्ध साठा’ म्हणजे पृथ्वीच्या पोटातील सर्व तेल नव्हे. ज्ञात क्षेत्रांतून, आजच्या साधनांनी व आजच्या भावात काढणे परवडेल अशी वाजवी खात्री आहे, तेवढेच तेल. भाव चढला किंवा नवे यंत्र आले, की जमिनीत एक थेंबही न वाढता साठा वाढतो. कधी तो केवळ लेखणीनेही वाढतो! सौदी अरेबियाचा साठा १९८७ साली सुमारे १७० अब्ज पिंपे नोंदलेला होता. १९८८ साली तो २५५ अब्ज झाला. तेल निर्यातक देशांच्या संघटनेत तेव्हा उत्पादनाच्या वाटपावरून ओढाताण चालू होती, आणि साठे फुगविले गेले असावेत अशी शंका अनेक तज्ज्ञांनी घेतली आहे. आढावा तयार करणारे कोणाच्या विहिरीत डोकावत नाहीत.

दुसरा चकवा वाट्याचा. १९७३ साली जगाच्या ऊर्जेत तेलाचा वाटा जवळजवळ निम्मा होता. २०२३ साली तो एक तृतीयांशाहूनही कमी भरला. वापर घटला, असे कोणीही म्हणेल. परंतु शेजारचे कोष्टक पाहावे: १९७३ चा दैनिक वापर सुमारे साडेपाच कोटी पिंपे, २०२३ चा दहा कोटी. वाटा आकसला, कारण भाकरीच मोठी झाली. हवेत साचणाऱ्या धुरास वाट्याशी काही देणेघेणे नाही.

सरासरीविषयी एवढेच: २०२० साली अमेरिकी तेलाचा सरासरी भाव पिंपास सुमारे ३९ डॉलर होता. त्याच वर्षी २० एप्रिल रोजी, साथीमुळे मागणी आटलेली व टाक्या भरत आलेल्या असताना, मे महिन्याच्या सौद्याचा भाव शून्याखाली ३७ डॉलरांवर गेला. म्हणजे तेल घेऊन जा, वर पैसे देतो! सरासरीत त्या दिवसाचा मागमूसही नाही.

त्या विद्यार्थ्याचे वाक्य मी खोडले नाही. ‘पन्नास’खाली रेघ ओढून समासात विचारले, ‘कशास कशाने भागून?’ दुसऱ्या दिवशी तो उत्तर घेऊन आला, आणि बरोबर एक प्रश्न: “सर, वापर दरवर्षी वाढतो, तर भाजक तोच कसा धरला?” हे मला त्याच्या वयात सुचले नव्हते.