परीक्षणासाठीं आलेलें सॉफ्टवेअर आणि परीक्षकाचें मौन

नवीन वाण बाजारांत येण्यापूर्वीं तो निवडक शेतकऱ्यांच्या रानांत पेरून पाहतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. उगवण कशी झाली, तांबेरा किती पडला, कणीस केवढें भरलें, याचीं टिपणें ठेवून तीं चाचणी करविणाराकडे पाठवावयाचीं; आणि त्या पिशवींतील मूठभर बीं शेजाऱ्यास द्यावयाचें नाहीं, अशी अटही घातलेली असते. संगणकाच्या आज्ञावलीची, म्हणजे ज्यास आपण सॉफ्टवेअर म्हणतों त्याची, परीक्षा अशाच रीतीनें होते. पाणी केव्हां द्यावें, फवारणी कोणती करावी, बाजारभाव काय आहे, हें सांगणारीं ॲपें हल्लीं शेतकऱ्यांच्या हातीं आलीं आहेत. असें एखादें ॲप पुरें होण्यापूर्वींच ‘वापरून पाहा’ म्हणून आपणांकडे आलें, तर प्रथम पडद्यावर एक लांबलचक मजकूर येतो व त्याखालीं ‘मान्य’ असें लिहिलेलें असतें. तो मजकूर न वाचतां अंगठा दाबणें म्हणजे कोऱ्या कागदावर सही करण्यासारखेंच आहे. म्हणून त्यांतील एका महत्त्वाच्या बंधनाची, गुप्ततेच्या अटीची, ओळख करून देण्याचें येथें योजिलें आहे.

सॉफ्टवेअरची पहिली तपासणी तें तयार करणारे लोक आपल्याच घरांत करितात. तिला ‘अल्फा’ म्हणतात. नंतर तें बाहेरच्या कांहीं लोकांस वापरावयास देतात. ती ‘बीटा’ परीक्षा. ग्रीक वर्णमालेंतील पहिल्या दोन अक्षरांचीं हीं नांवें होत. बीटा परीक्षाही दोन प्रकारची असते. एक खुली, तींत कोणीही यावें आणि बहुधा मनास येईल तें बोलावें. दुसरी बंद, तींत निवडक माणसें घेतात व त्यांच्याकडून मौनाचें वचन लिहून घेतात. आपला प्रश्न मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराचा आहे.

कर्त्यास हें मौन कां हवें असतें? पहिलें कारण असें कीं, अपुऱ्या वस्तूचे दोष चव्हाट्यावर आले तर ती पुरी होण्यापूर्वींच तिची अपकीर्ति होते. दुसरें कारण कायद्याचें आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें सॉफ्टवेअरच्या लिखित रूपास संरक्षण मिळतें, परंतु त्यामागील कल्पनेस मिळत नाहीं. पेटंटाच्या १९७० च्या कायद्यांतील कलम ३ (के) प्रमाणें नुसत्या संगणकीय आज्ञावलीस पेटंटही देतां येत नाहीं. म्हणजे कल्पना राखावयाची तर ती प्रसिद्धीपर्यंत झांकून ठेवणें, हाच मुख्य उपाय उरतो. तेव्हां मौनाची मागणी मुळांत अन्यायाची नव्हे.

अशा करारांत सामान्यतः पुढील बंधनें असतात. ॲपचीं चित्रें अथवा चलच्चित्रें काढून दुसऱ्यास पाठवूं नयेत. परीक्षणांत नसलेल्या माणसाशीं त्याच्या गुणदोषांची चर्चा करूं नये. आपला परवलीचा शब्द कोणास देऊं नये. सॉफ्टवेअरची नक्कल करूं नये. दोष आढळल्यास तो कर्त्यासच कळवावा. आणि परीक्षण संपल्यावर तें काढून टाकावें. परीक्षकानें सुचविलेल्या सुधारणा मोबदल्याशिवाय वापरण्याचा हक्कही कर्ता बहुधा आपणाकडे घेतो. याच्या उलट, जी माहिती आधींच सर्वांस ठाऊक आहे, जी परीक्षकास पूर्वींपासून माहीत होती, किंवा जी न्यायालयाच्या हुकुमानें सांगणें भाग पडतें, ती या बंधनांतून बहुतेक करारांत वगळलेली असते. आपल्या करारांत हें कलम आहे कीं नाहीं, तें अवश्य पाहावें.

कित्येकांचा समज असा कीं, कागदावर सही नसल्यामुळें हें वचन लागू होत नाहीं. हा समज चुकीचा आहे. माहिती तंत्रज्ञानाच्या २००० च्या कायद्यांत २००८ सालीं दुरुस्ती होऊन कलम १०-ए घालण्यांत आलें. त्यान्वयें, केवळ इलेक्ट्रॉनिक साधनानें झाला एवढ्याच कारणास्तव करार निरर्थक ठरत नाहीं. इतकेंच नव्हे, तर करार मुळींच नसला तरी विश्वासानें सांगितलेली गोष्ट राखण्याचें बंधन येऊं शकतें. १९६८ सालीं इंग्लंडांत मोपेडच्या इंजिनाविषयींच्या एका खटल्यांत न्यायमूर्ति मेगारी यांनीं याची कसोटी घालून दिली. माहिती खरोखर गुप्त स्वरूपाची असली पाहिजे; ती विश्वासाच्या परिस्थितींत दिलेली असली पाहिजे; आणि परवानगीवांचून तिचा उपयोग होऊन देणाराचें नुकसान झालें पाहिजे. त्या खटल्यांत वादीस मनाईहुकूम मिळाला नाहीं, परंतु कसोटी मात्र कायम झाली. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयानें २००३ सालीं झी टेलिफिल्म्स व सनडायल यांच्या खटल्यांत हाच मार्ग स्वीकारला. विश्वासानें सांगितलेली दूरदर्शन-मालिकेची कल्पना वापरण्याविरुद्धचा मनाईहुकूम तेथें टिकला.

वचन मोडल्यास काय होतें? न्यायालय मनाई करूं शकतें, आणि १८७२ च्या कराराच्या कायद्यान्वयें भरपाईही मागतां येते. करारांत मोठ्या दंडाचा आंकडा घातलेला पाहून मात्र घाबरून जाऊं नये. कलम ७४ प्रमाणें तो आंकडा ही वरची मर्यादा होय. तिच्या आंत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई न्यायालय देववितें.

आतां या नाण्याची दुसरी बाजू पाहूं. मौन पाळतां पाळतां इतरांच्या जिवावर बेतत असेल तर काय? अमेरिकेंतील टेस्ला कंपनीनें मोटार आपोआप चालविणारें अपुरें सॉफ्टवेअर ऑक्टोबर २०२० पासून निवडक मालकांस सार्वजनिक रस्त्यांवर वापरावयास दिलें व त्यांच्याकडून गुप्ततेचा करार करून घेतला. १२ ऑक्टोबर २०२१ रोजीं तेथील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनानें कंपनीस पत्र लिहून या कराराचा जाब विचारला. वाहनांतील धोके आम्हांस बव्हंशीं वापरणारांच्या तक्रारींवरून कळतात. त्यांच्या बोलण्यास आडकाठी झाली तर सुरक्षिततेची माहिती आम्हांपर्यंत पोंचण्यास बाध येतो, असा त्या पत्राचा आशय होता. त्याच सुमारास कंपनीनें ती अट सोडून दिली. रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या माणसानें त्या करारावर सही केलेली नव्हती. धोका मात्र त्यालाही होता.

हीच गोष्ट आपल्या शिवारास लावून पाहूं. समजा, एका बागाइतदारानें उंसाच्या पाण्याचें ॲप परीक्षणासाठीं घेतलें. पंप बंद झाला असें ॲप दाखवितें, आणि विहिरीवर तो चालूच असतो. दोष कर्त्यास कळविला, पण उत्तर नाहीं. आणि तेंच ॲप शेजारच्या तिघांकडेही आहे. ॲपची रचना त्यानें चारचौघांत उघड करणें योग्य नव्हे. परंतु ‘पंप प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय विश्वासूं नका’ एवढें सांगण्यास जो करार आडवा येईल, तो पत्करण्याजोगा नव्हे. कराराच्या कायद्याच्या कलम २३ नें सार्वजनिक हिताविरुद्धचा करार बेकायदेशीर ठरतो हें खरें. पण तें सिद्ध करण्यास न्यायालयाची पायरी चढावी लागते. त्यापेक्षां आधींच विचारलेलें बरें.

म्हणून ‘मान्य’ म्हणण्यापूर्वीं चार गोष्टी पाहाव्या. गुप्त काय व तें किती काळ, हें स्पष्ट लिहिलेलें आहे काय? सरकारी अधिकारी, वकील व घरचीं माणसें यांस सांगण्याची मोकळीक आहे काय? माणसांस, जनावरांस अथवा पिकांस धोका दिसल्यास इतरांस सावध करण्याची मुभा आहे काय? आणि आपल्या शेताची माहिती, म्हणजे मातीचा तपास, उत्पन्न, पाण्याची नोंद, ही आपणच दुसऱ्यास सांगूं नये असें तर त्यांत नाहीं ना? उत्तर पत्रानें मागवावें व जपून ठेवावें. शिवाय सारें रान अशा परीक्षणास लावूं नये. नव्या वाणाप्रमाणें दोन-चार गुंठ्यांवरच पाहावें.

गुप्ततेचें वचन मागणाराचा हेतु पुष्कळदां रास्त असतो, आणि दिलेलें वचन पाळणें हें प्रामाणिक माणसाचें कामच आहे. परंतु बियाण्याची पिशवी घेतांना आपण तिच्यावरील चिठ्ठी वाचतों, तशी ही चिठ्ठीही वाचावी. वचन काय दिलें हें ज्यास ठाऊक असतें, त्यासच तें नीट पाळतां येतें. आणि बोलणें कोठें अवश्य आहे हेंही त्यासच कळतें.